टाकळीचा डावखुरा शंख

समुद्री फुलपाखरू म्हटलं की पंख आठवतात, पण ती असते गोगलगाय. तिच्या पायाचेच दोन पंख झालेत, त्यावर ती उघड्या समुद्रात पोहते. लिमासिना ही तर जेमतेम काही मिलिमीटरची. आता वाडीत बसून समुद्राची गोष्ट कशाला, असं कुणी म्हणेल. तर त्याचं कारण आहे शंखाचं वळण.

शंखाचं टोक वर धरा, तोंड आपल्याकडे करा. बहुतेकांचं तोंड उजवीकडे येतं, लिमासिनाचं डावीकडे. बरं का, असाच डावखुरा शंख नागपूरच्या टाकळीत दगडात सापडला आहे: फायसा प्रिन्सेपी, 1840 साली सोवर्बींनी नाव दिलेला. मग आपल्याकडे समुद्र होता का?

याचं उत्तर आम्हाला स्टीफन हिस्लॉप यांच्याकडे मिळतं. होय, कॉलेजवाले हिस्लॉप. हा स्कॉटिश मिशनरी 1845 पासून नागपुरात होता. 1855 साली रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी इथल्या भूगर्भावर निबंध छापला, 1860 साली शंखांवर दुसरा. सीताबर्डीच्या टेकडीत काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये गाळाचा पातळ पट्टा आहे. तसल्या गाळात काय काय एकत्र सापडतं, ते त्यांनी पाहिलं. नुसतं वळण फसवं असतं. फायसाचे भाऊबंद आजही तळ्यात राहतात आणि तेही डावखुरेच! सोबत निघाले गोड्या पाण्यातले इतर शंख, झाडांची फळं, बिया. म्हणजे लाव्हा आला, थिजला, वर तळी साचली, झाडं वाढली, मग पुन्हा लाव्हानं सगळं झाकलं. नागपुरात समुद्र नव्हताच. राजमहेंद्रीकडच्या अशाच थरांत मात्र खाडीचे शंख होते, तो फरकही त्यांनी ओळखला.

वय मात्र त्यांनी कमी धरलं. आज ते सुमारे 6.6 कोटी वर्षं मानतात. पण किरणोत्सारावरून वय काढायची सोय तेव्हा कुठे होती?

4 सप्टेंबर 1863 रोजी, टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून बोरीला परतताना, पाण्यात बुडून ते गेले. त्यांचे आदिवासींवरचे कागद रिचर्ड टेंपल यांनी 1866 साली छापले.

समुद्री फुलपाखरांचं कूळ, अलीकडच्या अभ्यासानुसार, टाकळीची तळी गाडली गेली त्याआधीपासूनचं आहे. पण त्यांचा शंख काचेसारखा पातळ, पाणी आम्लाकडे झुकलं की विरघळणारा. आपला शंख दगड होऊन टिकला. टाकळी आता शहरात आली, वरून घरं झाली. इकडे पश्चिमेलाही तोच काळा पाषाण आहे. कुठे पाया खोदताना मधे गाळाचा पांढुरका थर लागला, तर ट्रक भरण्याआधी दोन ढेकळं फोडून बघा.