अक्षरांचं सामायिक कोठार

माझे अब्बा छापखान्यात कंपोझिटर होते. छापून झालेला मजकूर सोडून एकेक खिळा केसच्या ज्या त्या खणात परत टाकल्याशिवाय ते घरी येत नसत. ‘उद्या दुसऱ्या कुणी हात घातला तरी त्याला अक्षर सापडलं पाहिजे,’ असं ते म्हणत. या बोलण्याचा पुरता अर्थ मला कळला तो फार उशिरा.

१९९७ साली माझा पहिला कवितासंग्रह निघाला. जुळणी संगणकावर झाली होती. दहा वर्षांनी दुसऱ्या आवृत्तीसाठी जपून ठेवलेली फ्लॉपी उघडली, तर कवितांच्या जागी चिन्हांचा नुसता पाचोळा! ज्या फाँटमध्ये त्या कविता होत्या, तो कुणाची तरी खासगी मालमत्ता होता आणि तो विकणाराच उरला नव्हता. साऱ्या कविता पुन्हा टंकून घ्याव्या लागल्या. माझं दुःख ऐकून गणित शिकवणाऱ्या एका मित्रानं मला ‘टेक’ची कहाणी सांगितली.

१९७७ मध्ये अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांच्या हाती स्वतःच्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं आली. जुन्या खिळ्यांची सुबकता त्यांत नव्हती. ते इतके खट्टू झाले, की त्यांनी अक्षरजुळणीची प्रणाली स्वतःच लिहायला घेतली. वर्षभरात संपेल असं वाटलेल्या कामानं दहाएक वर्षं घेतली. ही ‘टेक’ प्रणाली त्यांनी सर्वांना मोकळी करून दिली. अट एवढीच, की बदल केलात तर नाव वेगळं द्या.

मग जगभरचे लोक तिच्यात भर घालू लागले. कुणी गणिताची चिन्हं केली, कुणी संगीताची, कुणी नवी लिपी. पण हे सारं विखुरलेलं होतं. एका विद्यापीठाच्या संगणकावर एक गोष्ट, दुसऱ्याच्या संगणकावर दुसरी. कुठली प्रत ताजी, तेही कळेना. १९९१ च्या युरोटेक परिषदेत हे संग्रह एकत्र आणण्याची कल्पना पुढे आली. जर्मनीतले रायनर शोफ आणि योआखिम श्रोड, इंग्लंडचे सेबॅस्टियन राट्झ आणि अमेरिकेचे जॉर्ज ग्रीनवेड यांनी ती प्रत्यक्षात आणली. १९९२ मध्ये मांडणी ठरली. १९९३ साली इंग्लंडमधल्या अ‍ॅस्टन विद्यापीठात ‘सीटॅन’ची, म्हणजे टेकच्या सर्वसमावेशक संग्रहजालाची, रीतसर घोषणा झाली.

युक्ती साधी होती. तिन्ही देशांतल्या संगणकांवर खण तेच, त्यांची नावं तीच, आतला ऐवजही तोच. एक यंत्र बंद पडलं तरी दुसरीकडे त्याच खणात वस्तू सापडणार. कुणीही आपलं काम पाठवावं. सांभाळणाऱ्यांनी ते तपासून जागेवर लावावं. आज त्या कोठारात सहा हजारांहून अधिक संच आहेत. पर्ल या संगणकभाषेचं ‘सीपॅन’ आणि संख्याशास्त्रासाठी वापरल्या जाणाऱ्या आर या भाषेचं ‘क्रॅन’ ही कोठारं याच धर्तीवर पुढे उभी राहिली.

मित्रानं मला त्यातला एक खण उघडून दाखवला. आत देवनागरी होती! १९९१ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या फ्रान्स वेल्टहाउस यांनी ती घडवली होती. पुढे इतरांनी तिची निगा राखली. तिच्यात मुंबई वळणाची अक्षरंही आहेत. म्हणजे आपला ‘अ’ आणि आपला ‘झ’ कसा दिसतो, याची दखल तिथं घेतलेली होती. मला आनंद झाला आणि थोडी शरमही वाटली. आपल्या अक्षरांसाठी मी कोणत्या खणात काय टाकलं होतं?

फुकट मिळालेली वस्तू आपल्याला श्रमाविना झालेली वाटते. तसं नसतं. हे कोठार मूठभर माणसांनी, बहुतेक वेळा फावल्या वेळात, तीस वर्षांहून अधिक काळ झाडून-पुसून ठेवलं आहे. मालक गेला की मालकीची वस्तू नाहीशी होऊ शकते, हे माझ्या फ्लॉपीनं मला शिकवलं. सामायिक वस्तू टिकते, पण ती आपोआप टिकत नाही. संध्याकाळी कुणीतरी मागे थांबून खिळे परत खणांत टाकावे लागतात.