कागद : चिंध्यांपासून लाकडापर्यंत

कागदाचा उगम चीनमधील. इ. स. १०५ मध्ये दरबारी अधिकारी त्साय लुन याने झाडाची साल, चिंध्या व मासेमारीची जुनी जाळी यांपासून कागद करण्याची कृती सम्राटापुढे मांडली. त्याहून जुने तुकडेही उत्खननात सापडल्याने तो जनक नव्हे, सुधारक मानला जातो.

आठव्या शतकात ही कला समरकंद-बगदादला आणि तेराव्या शतकात इटलीतील फाब्रियानोला पोहोचली. मूळ कृती तीच राहिली : धागे कुटून लगदा करणे, तो पाण्यात कालवून जाळीवर उचलणे, ताव वाळवणे आणि शाई फुटू नये म्हणून खळ किंवा सरस देणे. महाराष्ट्रात जुन्नर व दौलताबादचा कागद प्रसिद्ध होता. पेशवे दफ्तरातील हातकागदावरील मोडी अक्षरे आजही वाचता येतात.

१७९९ मध्ये फ्रान्सच्या लुई-निकोला रोबेर यांनी कागदयंत्राचे पेटंट घेतले. पुढे चिंध्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा १८४०च्या दशकात जर्मनीच्या फ्रीडरिश केलर यांनी लाकूड घासून लगदा केला. कागद स्वस्त झाला, वृत्तपत्र सामान्यांच्या हाती आले.

या स्वस्ताईची किंमत ग्रंथालये मोजत आहेत. लाकडातील लिग्निनमुळे कागद पिवळा पडतो, तर खळीत मिसळलेल्या तुरटीमुळे तयार होणारे आम्ल धागे तोडते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अनेक ग्रंथांचे तुकडे पडतात. त्यांहून जुन्या पोथ्या मात्र शाबूत आहेत. टिकाऊ कागदासाठी १९९४ मध्ये ‘आयएसओ ९७०६’ हे मानक ठरले. आधी छापलेल्या ग्रंथांना मात्र आम्लनिर्मूलन आणि डिजिटल प्रती यांचाच आधार आहे.