ट्रंकेतला वेताळ

गेल्या महिन्यातले चारही शनिवार-रविवार जेऊरला काढले. पुण्याहून सोलापूरकडे जाणारी गाडी पकडायची, दौंड मागे टाकायचं आणि कुर्डुवाडीच्या अलीकडे उतरायचं. करमाळ्याला जाणाऱ्यांचं हेच स्टेशन. कारण काय, तर काकांची पत्र्याची ट्रंक! आत इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक. काही कव्हरं गेलेली, काहींना वाळवी लागलेली. रद्दीवाल्याकडे जाण्याआधी सगळे एकदा वाचून काढायचे ठरवले.

थोडा इतिहास. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनाने मार्च 1964 मध्ये इंद्रजाल सुरू केलं. त्या उभारणीत अनंत पै होते. पुढे 1967 मध्ये अमर चित्र कथा सुरू करणारे तेच. इंद्रजाल आधी मासिक होतं, मग पाक्षिक आणि पुढे साप्ताहिक झालं. 1990 मध्ये ते बंद पडलं. मुख्य नायक म्हणजे ली फॉकचा फँटम, जो अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत 1936 साली अवतरला. मराठीत तो झाला 'वेताळ'.

पहिल्या शनिवारी अडकलो ते ह्या नावावरच. ज्याने कोणी हे नाव निवडलं त्याला साष्टांग नमस्कार! आपल्याकडे वेताळ म्हणजे भुतांचा राजा, पण गावाची राखण करणाराही तोच. कितीतरी गावांच्या वेशीवर त्याचा शेंदूर फासलेला दगड असतो. फॉकचा नायकही तसाच: कवटीच्या गुहेत राहतो, लोक त्याला चालतंबोलतं भूत समजतात आणि तो त्यांचं रक्षण करतो. म्हणजे परका माणूस आपल्या वेशीवर येऊन बसला आणि ओळखीचा वाटला. आजी तर काकांना बजावायची, "त्या वेताळाचं पुस्तक देवघरात आणू नगंस."

गंमत म्हणजे हा वेताळ अमर वगैरे काही नाही. बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. आताचा एकविसावा. आमच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस तोच, आतला कोड दर पिढीला नवा. युजरला पत्ताच नाही :-)

दुसऱ्या आठवड्यात मात्र घास अडकायला लागला. लहानपणी जे दिसलं नव्हतं ते दिसलं. जंगलातल्या सगळ्या टोळ्यांचा न्यायनिवाडा एक गोरा माणूस करतो. मँड्रेकच्या सुरुवातीच्या कथांमधला लोथार तर अंगावर बिबळ्याचं कातडं घालून मालकामागे फिरतो (1965 नंतर फ्रेड फ्रेडरिक्सने त्याला जरा माणसात आणलं). इंद्रजालच्या संपादकांनाही काही गोष्टी खटकल्या असाव्यात. फॉकच्या देशाचं नाव बंगालच्या फार जवळ जाणारं, ते इथे 'डेंकाली' झालं. 'सिंग' चाचे 'सिंगा' झाले. नावं बदलली, सिंहासनावर बसणारा मात्र तोच राहिला.

काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "आरं, त्यो गोरा हाय हे आमाला कुठं ठावं हुतं? तोंडावर बुरखा, अंगभर रंग. आमाला त्यो आपलाच वाटायचा."

ह्यावर काय बोलणार? त्यांना मिळालेला आनंद खोटा नव्हताच. मी गप्प बसलो.

तिसऱ्या आठवड्यात बहादूर सापडला. आबिद सुरती यांनी 1976 मध्ये निर्माण केलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटलेला. केशरी कुर्ता, निळी जीन्स, बुरखा नाही. बाप डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला. पोरगा सूड घ्यायला निघतो आणि शेवटी गावकऱ्यांनी स्वतःचं रक्षण स्वतः करावं म्हणून नागरिक सुरक्षा दल उभारतो. चित्रं फॅंटमइतकी सफाईदार नाहीत, संवाद कधी कधी भाषणासारखे. पण इथे गाव हात जोडून बसत नाही, पहाऱ्याला उभं राहतं. वेताळापेक्षा बहादूर मोठा आहे असं मी कॉलेजात म्हटलं असतं तर मित्रांनी हसून घालवलं असतं. आज ठामपणे म्हणतो.

चौथ्या रविवारी पुतण्याला (वय वर्षं नऊ) वेताळाचा अंक वाचून दाखवत होतो. बांदार टोळीच्या बुटक्यांचे विषारी बाण आले. तो म्हणाला, "काका, ह्यांच्याकडे एवढे बाण आहेत, तर हे त्याचं का ऐकतात?"

मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात माझे काका पलंगावरून म्हणाले, "कारण त्यो मरत नाय असं त्यांना वाटतंय म्हणून."

थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. राजे, साहेब, पुढारी... एका वाक्यात सगळे आले की हो.

ट्रंक रद्दीत गेली नाही. पुतण्याच्या खोलीत ठेवून आलोय, बहादूरचे अंक सगळ्यात वर. खालचेही वाचू दे त्याला. फक्त तो प्रश्न विसरू नये, एवढंच.

असो. गाडीची वेळ झाली.