जुन्या नोंदीचे आयुष्य

कायदा बदलला, की त्याच्या छायेत झालेल्या जुन्या लिखिताचे काय होते? अमेरिकेच्या ‘यूनिफॉर्म कमर्शियल कोड’चे तारण-कर्जांविषयीचे नववे प्रकरण १ जुलै २००१ रोजी नव्या रूपात बहुतेक राज्यांत लागू झाले, तेव्हा हा प्रश्न उभा राहिला. तोवर माल वा यंत्रसामग्री ज्या राज्यात असे, तेथे धनको आपल्या हक्काची नोंद करी. आता ऋणको कंपनी जेथे स्थापन झाली, ते राज्य प्रमाण ठरले. जुन्या नोंदी तत्काळ बाद केल्या असत्या, तर ऋणकोचे दिवाळे निघताच सचोटीचा धनको तारणावरील हक्क गमावून बसला असता. म्हणून त्या नोंदी मूळ मुदतीपर्यंत, पण फार तर ३० जून २००६ पर्यंत, वैध राहिल्या. पुढे अग्रक्रम टिकवायचा, तर मुदतीच्या आत नव्या राज्यात नवी नोंद करावी लागे. तीत जुनीचे कार्यालय, क्रमांक व तारीख देऊन ती अद्याप वैध असल्याचे नमूद करावे लागे. वारसा मौनाने चालत नाही, तो नव्या दफ्तरात नावानिशी सांगावा लागतो. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे परके वाटू नये.