आतल्या लढाईतला श्वास

योग म्हटला की आज आपल्या डोळ्यांसमोर सतरंज्या अंथरलेले मैदान येते आणि २१ जूनचा कार्यक्रम येतो. गप्पा होतात त्या पाठदुखीच्या, वजनाच्या, मधुमेहाच्या. पण योगाचा मूळ विषय मन हाच आहे. पतंजलींच्या सूत्रांत आसनांना अगदी थोडी जागा मिळाली आहे. आसक्ती, द्वेष, अहंता, मरणाची धास्ती यांचा विचार मात्र तेथे नेटाने केलेला दिसतो. या साऱ्यांना त्यांनी ‘क्लेश’ हे नाव दिले. चित्त विस्कटले की अंग कापते आणि श्वासाची लय बिघडते, हेही त्यांनी टिपून ठेवले आहे.

हे मला पुस्तकातून कळले होते. पटले ते फार नंतर. माझी अम्मी गेली, तेव्हा मला रडू आले नाही. दफनविधी, भेटायला येणारी माणसे, चाळिसावा, सगळे रीतसर पार पडले. पुढे कित्येक महिने कवितेची एक ओळ सुचली नाही. छातीवर कुणी पाटा ठेवावा तसे वाटे. शेजारचे एक निवृत्त शिक्षक रोज पहाटे प्राणायाम करीत. त्यांनी मला फक्त श्वास सावकाश सोडायला शिकवले. दोन-तीन आठवड्यांनी एका पहाटे श्वास सोडता सोडता हुंदका फुटला आणि मी पोटभर रडलो. दुःख संपले नाही, पण त्याला वाट मिळाली.

मग दोन्हीकडून प्रश्न आले. आपले लोक विचारीत, ‘हे आपल्यात चालतं का?’ इतर स्नेही कौतुकाने म्हणत, ‘अरे वा, तुम्हीसुद्धा?’ दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत होती, की मी परक्याच्या अंगणात शिरलो आहे. इतिहास काय सांगतो ते पाहू.

अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात अल्बिरुनी या विद्वानाने पतंजलींचा योग अरबीत नेला. ग्रंथाची मांडणी त्याने प्रश्नोत्तरांची केली; शिष्य विचारतो आणि पतंजली उत्तर देतात. पुढे सोळाव्या शतकात ग्वाल्हेरचे शत्तारी सूफी शेख मुहम्मद गौस यांनी ‘बहर-उल-हयात’ हा फारसी ग्रंथ सिद्ध केला. ‘अमृतकुंड’ या योगग्रंथाच्या अरबी अवताराचे ते विस्तारित रूप. त्यात आसने आहेत, श्वासाचे नियमन आहे, आणि योग्यांच्या मंत्रांना अल्लाहच्या नावांचे प्रतिशब्दही सुचवलेले आहेत. १६००च्या सुमारास शाहजादा सलीमसाठी, म्हणजे पुढच्या जहांगीरसाठी, या ग्रंथाची सचित्र प्रत अलाहाबादेत तयार झाली. आसनस्थ योग्यांची ती सुरेख चित्रे आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथसंग्रहात आहेत. गौस यांची कबर ग्वाल्हेरला आहे आणि तिच्याच सावलीत तानसेन विसावला आहे. श्वासाचा साधक आणि सुरांचा साधक शेजारी असावेत, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

एवढ्या दूर जायचेही कारण नाही. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीगोंद्याला, सोळाव्या-सतराव्या शतकांत शेख महंमद होऊन गेले. चांद बोधले हे त्यांचे गुरू. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही बोधल्यांचेच शिष्य, असे परंपरा मानते. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांनी शेख महंमदांना गुरुस्थानी मानल्याचे सांगतात. त्यांच्या एका ग्रंथाचे नाव ‘पवनविजय’ आणि सर्वांत मोठ्या ओवीबद्ध ग्रंथाचे नाव ‘योगसंग्राम’. वा. सी. बेंद्रे यांनी विसाव्या शतकात तो संपादून पुन्हा वाचकांपुढे आणला.

नाव नीट ऐका. योग आणि संग्राम! हा संग्राम आहे स्वतःच्या विकारांशी. काम, क्रोध, मद, मत्सर हे शत्रू आपल्याच घरात राहतात. त्यांना ओळखल्याशिवाय त्यांच्याशी झुंजता येत नाही. ज्या काळात तलवारी रोज म्यानाबाहेर निघत होत्या, त्या काळात एक मुसलमान संत मराठीत सांगत होता की खरी लढाई आत आहे. सूफी तिला नफ्साशी झुंज म्हणतात. शब्द दोन आहेत, रणांगण एक.

१९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि योग प्रयोगशाळेत नेला. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना मंदावतात, हे आज शरीरशास्त्र सांगते. सावकाश सोडलेल्या श्वासाने मन निवते, त्यामागे हेही एक कारण आहे. हृदयाची ही चाल धर्म विचारीत नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. योग म्हणजे भावना गिळून हसतमुख राहणे नव्हे. कुणाचे दुःख खोल असेल, तर त्याला डॉक्टरांचीही गरज असते आणि माणसांचीही. शांत बसल्यावर होते ते इतकेच, की आत काय चालले आहे ते दिसू लागते. राग आला, तर तो राग आहे हे कळते. आणि रागाखाली दडलेले दुःख असेल, तर तेही कळते.

म्हणून ‘तुम्हीसुद्धा?’ असे कुणी विचारले, की मी आता श्रीगोंद्याचे नाव सांगतो. हे अंगण साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी माझ्याच भाषेत सारवले गेले आहे. तेथे बसायला मला कुणाची परवानगी नको, आणि तुम्हालाही नको.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)