एक कायदा, तीन वाटा : मराठवाड्यातील सार्वजनिक ग्रंथालयांची घडण

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात वसलेले जवळा बाजार हे आसपासच्या खेड्यांच्या खरेदी-विक्रीचे गाव आहे. अशा बाजारगावात सार्वजनिक ग्रंथालय कोणी काढायचे, ते कोणाच्या पैशाने चालवायचे आणि ते बंद पडले तर जाब कोणाला विचारायचा, या प्रश्नांची उत्तरे गावाच्या वेशीच्या आत सापडत नाहीत. ती निजामाच्या हैदराबाद संस्थानातील वाचनालयांच्या इतिहासात, १९५५ च्या एका कायद्यात आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत शोधावी लागतात. हैदराबाद राज्याचे तीन भाषिक भाग झाले, तेव्हा त्या राज्याच्या ग्रंथालय कायद्याचेही तीन वारसदार झाले आणि तिघांनी तीन निरनिराळ्या वाटा धरल्या. मराठवाड्याच्या वाट्याला आलेली वाट लोकांच्या हौसेची आणि सरकारी अनुदानाची होती. तिचे बळ आणि तिची उणीव ही दोन्ही याच इतिहासातून आली आहेत.

हैदराबाद संस्थानात मराठी, तेलुगू आणि कन्नड या तीन भाषा बोलणारी प्रजा बहुसंख्य असली तरी दरबाराची भाषा आधी फारसी आणि १८८४ पासून उर्दू होती, तर १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. हैदराबाद शहरात १८९१ मध्ये स्थापन झालेले आसफिया ग्रंथालय हे संस्थानचे मोठे सरकारी ग्रंथालय होते. त्यात अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांचा मौल्यवान संग्रह होता, परंतु वसमत किंवा हिंगोलीच्या मराठी वाचकाला त्याचा उपयोग जवळजवळ नव्हता. साक्षरतेची स्थिती याहून बिकट होती. संस्थान विलीन झाल्यानंतर झालेल्या १९५१ च्या जनगणनेतही हैदराबाद राज्यातील साक्षरांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आतच राहिले, यावरून आधीच्या पिढ्यांमध्ये वाचणारा माणूस किती विरळ असेल याची कल्पना येते.

या परिस्थितीत मराठी वाचनालये उभी राहिली ती शिक्षक, वकील, व्यापारी आणि सरकारी नोकर यांच्या वर्गणीवर. हैदराबादेत शालीबंडा भागात १८९५ मध्ये भारत गुणवर्धक संस्था स्थापन झाली आणि १९२२ मध्ये मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू झाले. याच काळात तेलुगू भाषकांनीही असाच उद्योग आरंभला होता आणि १९०१ मध्ये स्थापन झालेले श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलंगणातील ग्रंथालय चळवळीचे उगमस्थान मानले जाते. मनमाड ते हैदराबाद हा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी सुरू झाल्यावर औरंगाबाद, परभणी आणि नांदेड ही गावे एका ओळीत जोडली गेली, पुण्या-मुंबईची नियतकालिके टपालाने लवकर येऊ लागली आणि औरंगाबादचे बलवंत वाचनालय किंवा परभणीचे गणेश वाचनालय यांसारख्या संस्थांना आधार मिळाला. रेल्वेपासून दूर असलेल्या गावांपर्यंत मात्र छापील मजकूर पोहोचत असे तो बहुधा शाळेच्या मास्तरांमार्फत किंवा बाजाराच्या दिवशी जिल्ह्याच्या गावाहून परतणाऱ्या माणसाच्या पिशवीतून.

ज्या परिसराचा येथे विचार चालला आहे, त्या परिसरानेच या पिढीला एक नेता दिला, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. वसमत भागातील पुरजळ या गावी १८६७ मध्ये जन्मलेले केशवराव कोरटकर पुढे हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि १९०७ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेल्या विवेकवर्धिनी या मराठी शाळेच्या उभारणीत त्यांचा आणि त्यांचे सहकारी वामनराव नाईक यांचा मोठा वाटा होता. शाळा, वाचनालय आणि व्याख्यान ही तिन्ही कामे त्या काळातील सुधारकांच्या दृष्टीने एकच काम होते, कारण शाळेत शिकलेल्या मुलाला पुढे वाचायला काही मिळाले नाही तर अक्षरओळख पुसली जाते, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

वाचनालयाला राजकीय महत्त्व आले ते सरकारच्या बंधनांमुळे. ‘गश्ती निशान ५३’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिपत्रकानुसार (गश्ती म्हणजे सर्व अधिकाऱ्यांना धाडलेला हुकूम) जाहीर सभेसाठी पूर्वपरवानगी लागत असे, आणि खासगी शाळा काढण्यावरही निर्बंध होते. सभा भरवणे कठीण झाल्यावर गणेशोत्सव, व्यायामशाळा आणि वाचनालय या ठिकाणी एकत्र येणे हाच सार्वजनिक जीवनाचा मार्ग उरला. हैदराबादेत लक्ष्मणराव फाटक यांचे ‘निजाम विजय’ हे साप्ताहिक १९२० पासून निघत होते, तर आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ या पत्रावर बंदी आल्यावर ते वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा काढले गेले. अशी पत्रे एकाने मोठ्याने वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची, ही पद्धत साक्षरता तोकडी असलेल्या गावांत साहजिकच होती. त्यामुळे वाचनालयाच्या सदस्यांची संख्या आणि त्याच्या मजकुराचा प्रसार यांत बरेच अंतर असे. १९३७ मध्ये परतूर येथे भरलेली महाराष्ट्र परिषद आणि १९३८ नंतरचा हैदराबाद स्टेट काँग्रेसचा लढा यांना जे शिकलेले कार्यकर्ते मिळाले, ते घडवण्यात या वाचनालयांचाही हातभार होता.

ब्रिटिश मुंबई इलाख्यातील मराठी ग्रंथालयांचा प्रवास याहून वेगळ्या हवामानात झाला होता. रत्नागिरीचे ग्रंथालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे १८४८ चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये स्थापन झाले. मुंबई सरकारने १९३९ मध्ये आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली, आणि तिने १९४० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालयापासून जिल्हा, तालुका आणि खेड्यापर्यंत उतरत जाणारी रचना सुचवली. महायुद्धामुळे ती योजना काही वर्षे रखडली, तरी स्वातंत्र्याच्या सुमारास तिच्या आधारे मुंबई राज्यातील ग्रंथालयांना अनुदान मिळू लागले. मराठवाड्यातील गावे त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने या योजनेच्या बाहेरच राहिली, आणि सार्वजनिक ग्रंथालयांच्या बाबतीत या विभागाच्या मागे पडण्याचे हे एक उघड ऐतिहासिक कारण आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाल्यानंतर सात वर्षांनी राज्याने ‘हैदराबाद सार्वजनिक ग्रंथालय कायदा, १९५५’ संमत केला. ग्रंथालयासाठी स्वतंत्र कायदा असणे ही गोष्ट तेव्हा भारतात दुर्मीळ होती : कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये आणि मद्रासने १९४८ मध्ये असा कायदा केला होता. मद्रासच्या कायद्यामागे ग्रंथालयशास्त्राचे आचार्य एस. आर. रंगनाथन यांचा आग्रह होता. त्यांचे म्हणणे असे की ग्रंथालय हा नागरिकाचा हक्क असेल, तर त्याचा खर्च दानावर किंवा सरकारच्या मर्जीवर सोडता येणार नाही. तो ग्रंथालय उपकरातून, म्हणजे घरपट्टीसारख्या स्थानिक करावर घेतलेल्या छोट्या अधिभारातून, दरवर्षी निश्चितपणे उभा राहिला पाहिजे. मद्रासमध्ये हा विचार कायद्यात उतरला, आणि ग्रंथालय हा राज्याच्या कायद्याचा विषय आहे हे तत्त्व हैदराबादने स्वीकारले, तेव्हा मराठवाडा त्या राज्याचाच भाग होता.

पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, हैदराबाद राज्याची विभागणी झाली आणि या कायद्याचे भवितव्यही विभागले गेले. तेलंगणा आंध्र प्रदेशात गेला आणि तेथे १९६० च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा ग्रंथालय संस्था, म्हणजे त्या जिल्ह्यातील सरकारी ग्रंथालये चालवणारे वैधानिक मंडळ, स्थापन झाली; नगरपालिका आणि पंचायती घरपट्टीबरोबर उपकर गोळा करून या संस्थेकडे देऊ लागल्या. गुलबर्गा, रायचूर आणि बिदर हा कन्नड भाग म्हैसूर राज्यात गेला आणि तेथे १९६५ च्या कायद्याने उपकर तर ठेवलाच, शिवाय ग्रंथालये चालवण्यासाठी स्वतंत्र सरकारी खाते उभे केले. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आले. तेथे ‘महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा, १९६७’ झाला, जो १ मे १९६८ पासून लागू झाला आणि ज्यात उपकराची तरतूद ठेवली गेली नाही. त्याऐवजी राज्य सरकारने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान २५ लाख रुपये द्यावेत असे कायद्यात लिहिले गेले, ग्रंथालय संचालनालय आणि राज्य ग्रंथालय परिषद निर्माण झाली, आणि गावोगावची ग्रंथालये लोकांनीच नोंदणीकृत संस्था काढून चालवावीत असे ठरले.

या निर्णयामागे पुण्या-मुंबईच्या जुन्या, धडधाकट ग्रंथसंस्थांचा अनुभव होता. जेथे शंभर वर्षांची परंपरा, इमारत आणि वर्गणीदार होते, तेथे सरकारी मदतीचा टेकू पुरेसा होता. जेथे परंपरा तुटपुंजी आणि वाचक गरीब होता, तेथे त्याच टेकूवर सगळा डोलारा उभा राहिला. १९७० च्या नियमांनुसार ग्रंथालयांची अ, ब, क आणि ड अशी वर्गवारी होते आणि ती ग्रंथसंख्या, सभासद, वृत्तपत्रे आणि नियतकालिके यांवर ठरते : अ वर्गासाठी पंधरा हजारांवर, ब वर्गासाठी पाच हजारांवर आणि क वर्गासाठी एक हजारावर ग्रंथ लागतात. खेड्यातील बहुसंख्य ग्रंथालये क किंवा ड वर्गात असतात. त्यांना मिळणाऱ्या रकमेला ‘परिरक्षण अनुदान’ म्हणतात, म्हणजे ग्रंथालय चालू ठेवण्यासाठीचे वार्षिक सहाय्य. ते हप्त्यांनी येते आणि त्यातला निम्मा भाग वेतनासाठी धरलेला असतो.

या व्यवस्थेचे खरे रूप ड वर्गाच्या ग्रंथालयाच्या हिशेबात दिसते. एक खोली, दोन-तीन लोखंडी कपाटे, लांब टेबलावर दिवसाची वर्तमानपत्रे, दाखल नोंदवही, देवघेव रजिस्टर, भेटपुस्तक आणि या सगळ्याला जबाबदार असलेला एकटा ग्रंथपाल, असे त्याचे साधारण स्वरूप असते. दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला अनुक्रमांक, लेखक, किंमत आणि पावतीचा क्रमांक असतो, फाटलेली पुस्तके रीतसर निर्लेखित, म्हणजे नोंदीतून कमी, करावी लागतात, आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या तपासणीत ही नोंद व कपाटातील पुस्तके जुळली नाहीत तर शेरा बसतो. या वर्गाचे अनुदान अनेक वर्षे ३०,००० रुपये होते आणि २०२२ मध्ये सरकारने ६० टक्के वाढ केल्यावर ते ४८,००० रुपये झाले. त्यातील निम्मे वेतनाचे धरले तर त्या वाढीनंतर ग्रंथपालाच्या हाती महिन्याला २,००० रुपये पडू लागले. जो माणूस वर्षभर कुलूप उघडतो, नोंदी ठेवतो आणि तपासणीला सामोरा जातो, त्याचे काम ही नोकरी नसून जवळजवळ सेवाच आहे, हे या एका आकड्यावरून स्पष्ट होते.

अशा व्यवस्थेत काही ग्रंथालये केवळ कागदावर उरणे अटळ होते. २०१२ मध्ये महसूल यंत्रणेकडून राज्यभर पडताळणी झाली, तेव्हा मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या १२,००० च्या वर होती. पडताळणीनंतर काहींची मान्यता गेली, काहींचा वर्ग खाली आला, आणि नव्या ग्रंथालयांना मान्यता देण्याचे काम थांबले. बोगस संस्थांना चाप बसला, पण ज्या गावात तोवर ग्रंथालय नव्हते, त्या गावाची वाटही त्याबरोबर बंद झाली. दुसरीकडे कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून मिळणारे ग्रंथ, जिल्हा ग्रंथोत्सव, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाचा उत्कृष्ट ग्रंथालय पुरस्कार आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन यांमुळे चांगल्या संस्थांना उभारी मिळाली, हेही खरे.

शेजारच्या दोन राज्यांची वाटही निष्कंटक नव्हती. गोळा झालेला उपकर स्थानिक संस्थांनी ग्रंथालयांकडे वळता न करता स्वतःजवळ थकवून ठेवणे, ही तेथील जुनी तक्रार आहे, आणि सरकारी नोकरांनी चालवलेल्या ग्रंथालयात गावाचा जीव कमी असतो, हाही अनुभव आहे. तरीही ग्रंथालयाचा खर्च हा गावाच्या कराचा भाग आहे, हे तत्त्व तेथे टिकले, आणि कर्नाटकाने २०१९ मध्ये ग्रामपंचायतींची ग्रंथालये ग्रामविकास खात्याकडे सोपवून त्याला नवी दिशा दिली. महाराष्ट्रालाही हे काम पंचायतींकडे सोपवता येईल, कारण त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत विसाव्या क्रमांकावर ग्रंथालये हा पंचायतींचा विषय म्हणून नोंदलेला आहे. हौशी संस्थांनी निजामाच्या काळात सरकारच्या विरोधात आणि नंतर सरकारच्या तोकड्या मदतीवर मराठवाड्यात वाचन टिकवले; आता जवळा बाजारसारख्या गावांच्या ग्रामपंचायतींनी वार्षिक अंदाजपत्रकात ग्रंथालयासाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि ग्रामसभेने तिचा हिशेब दरवर्षी मागावा.