सर्व्हर सुरू का होत नाही? एका जुन्या नियमाची हकीकत

१९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने नायगावात कामगारांसाठी ४२ चाळी बांधल्या. एकेका चाळीत ८० खोल्या. पत्र पोहोचायचे तर चाळीचा क्रमांक पुरत नाही, खोलीचाही लागतो. संगणकांच्या जाळ्यात आयपी पत्ता म्हणजे चाळ आणि पोर्ट म्हणजे खोली. वेब सर्व्हरची ठरलेली खोली ८० क्रमांकाची.

लिनक्सवर सर्व्हर बसवला, तरी कधीकधी तो सुरूच होत नाही. याची दोन नेहमीची कारणे या खोलीपाशीच सापडतात. एकतर तिथे आधीच दुसरा प्रोग्रॅम असतो, किंवा आत जाण्याची परवानगी नसते.

दुसरे कारण लिनक्सहून जुने आहे. १९८३ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून युनिक्सची ‘४.२ बीएसडी’ ही आवृत्ती आली. तेव्हा एकच संगणक अनेकजण वापरत. कोणा साध्या वापरकर्त्याने अधिकृत सेवेचे सोंग घेऊ नये, म्हणून १०२४ च्या आतील पोर्ट ‘रूट’ या मुख्य व्यवस्थापकासाठी राखले गेले. १९९१ साली जन्मलेल्या लिनक्सने हाच नियम स्वीकारला. म्हणून अपाची सर्व्हर रूटच्या अधिकाराने ८० क्रमांक घेतो आणि पुढचे काम साध्या वापरकर्त्याच्या अधिकारात करतो.

सर्व्हर पडद्यामागे चालतो, त्यामुळे आपली तक्रार तो ‘लॉग’ या नोंदवहीत लिहितो. अशा नोंदींची ‘सिसलॉग’ पद्धत बर्कलीच्याच एरिक ऑलमन यांनी ‘सेंडमेल’साठी घडवली.

विद्यार्थी पुन्हापुन्हा इन्स्टॉल करू लागले, तर त्यांना आधी लॉगच्या शेवटच्या ओळी वाचायला लावाव्यात. पोर्टच्या नावापुढे ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ असेल तर खोली भरलेली आहे. ‘परमिशन डिनाइड’ असेल तर किल्ली नाही. निदान आधी, उपचार नंतर.